शिक्का बसेल म्हणून विषय सोडू का?

प्रश्न : एका ट्रान्स मैत्रिणीच्या नोकरीच्या धडपडीवर शॉर्ट फिल्म केली, दोन फेस्टिव्हलना लागली. मी स्वतः ट्रान्स नाही. फीचर, म्हणजे पूर्ण लांबीचा सिनेमाही तिच्याच आयुष्यावरून लिहितोय, पण मित्र म्हणतात शिक्का बसेल, पैसे कोणी लावणार नाही. प्रोड्युसरला लीडला नावाजलेला नट हवाय. काय करू?
– नाव छापू नये

उत्तर : शिक्क्याचं टेन्शन घेऊ नका. फेस्टिव्हलवाले, ग्रँट देणारे, स्क्रिप्ट लॅबवाले (जे नव्या पटकथा घडवायला मदत करतात) यांच्याकडे ढिगाने अर्ज येतात, त्यात "हा माणूस याच विषयावर सातत्याने काम करतोय" हे दिसलं तर फायदाच होतो. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटायला हवी, की आपण तेच तेच दाखवत बसू, आरशासमोरचं रडणं, ऑपरेशन, घरातून हाकलणं आणि शेवटी मरण. तुमच्या फिल्ममध्ये नोकरी होती हे मला फार आवडलं, ते धरून ठेवा.

नटाच्या बाबतीत मात्र अजिबात मागे हटू नका, लीडला ट्रान्स अभिनेत्रीच हवी. चिलीचे दिग्दर्शक सेबास्टियन लेलिओ ट्रान्स अभिनेत्री डॅनिएला वेगाकडे आधी फक्त सल्ल्यासाठी गेले होते, नंतर त्यांना कळलं की हिरोईन तर हीच आहे, आणि त्या 'अ फँटॅस्टिक वुमन'ला २०१८ मध्ये परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर मिळालं. २०१५ चा 'टँजरिन' तर आयफोनवर शूट झालाय, दोन्ही लीड ट्रान्स अभिनेत्री, आणि त्यातल्या माया टेलरला इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड (स्वतंत्र सिनेमांसाठीचा अमेरिकेतला पुरस्कार) मिळालं. अर्थात कॅमेरा स्वस्त झाला म्हणून माणसं फुकट राबवायची नाहीत, मैत्रिणीचं मानधन बजेटमध्ये पहिल्या पानावर लिहा. क्रूमध्येही ट्रान्स लोक घ्या. 'डिस्क्लोजर' या २०२० च्या डॉक्युमेंटरीत जिथे ट्रान्स माणूस मिळाला नाही तिथे नेमलेल्या तंत्रज्ञाने एका ट्रान्स व्यक्तीला काम शिकवायचं असं ठरवलं होतं, हे कुठल्याही छोट्या युनिटला जमण्यासारखं आहे.

पोटापाण्याचं म्हणाल तर पहिली काही वर्षं एडिटिंग, जाहिराती, शिकवणं असं काहीतरी सोबत करावंच लागतं, त्यात कमीपणा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मैत्रिणीची संमती. सुरुवातीला एकदा सही घेतली म्हणजे झालं असं नसतं हो. फेस्टिव्हलला मोजकी माणसं बघतात, पण तीच फिल्म ओटीटीवर आली की तिचा बॉस, घरमालक, लांबचे नातेवाईक सगळे बघणार, आणि जिने आपली ओळख सगळीकडे सांगितलेली नाही तिची नोकरी, घर, कधीकधी जीवसुद्धा धोक्यात येऊ शकतो. म्हणून स्क्रिप्ट झाल्यावर, एडिट लॉक, म्हणजे शेवटचं पक्कं करायच्या आधी आणि ऑनलाइन द्यायच्या आधी, असं दरवेळी तिला नव्याने विचारा. जुनं नाव, जुने फोटो ती म्हणेल तरच. पोस्टर, ट्रेलर तिला दाखवल्याशिवाय बाहेर जाता कामा नये, आणि एखादा सीन काढ म्हणाली तर काढायचा, कितीही भारी जमला असला तरी. हे सगळं प्रोड्युसरसोबतच्या करारात आत्ताच लिहून घ्या, फिल्म विकली गेल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही.