गोल्फ शिकताना बॉल नवे घ्यावेत की वापरलेले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापूर्वी गोल्फ सुरू केलंय, शनिवार-रविवार खेळता, राउंडमागे चार-पाच बॉल हरवतात. दुकानदार म्हणतो नवे टूर बॉल (व्यावसायिक खेळाडूंचे महागडे) घ्या, कॅडी (खेळताना बॅग उचलणारा मदतनीस) पिशवीतले वापरलेले पुढे करतो. ऐकायचं कोणाचं?

कॅडीचं ऐका. फक्त पिशवीत हात घालून येईल तो बॉल उचलू नका. निवडून घ्या आणि शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या. मी पुण्यात बरीच वर्षं हौसेने खेळतोय, हॅंडिकॅप अठराच्या आसपास आहे (म्हणजे राउंडला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण अठरा जास्त लागतात), आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे. राउंडला दोनपेक्षा जास्त बॉल जात असतील तोवर नव्या महागड्या बॉलवर पैसे घालवू नयेत.

टायटलिस्ट प्रो व्ही वनसारख्या बॉलचा नवा डझन आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. म्हणजे एक बॉल चारशेच्या वर. चार हरवले की सोळाशे रुपये गेले, त्यात ग्रीन फी (खेळायचं शुल्क) आणि कॅडीचे पैसे धरलेलेच नाहीत. तोच बॉल चांगल्या अवस्थेत वापरलेला मिळाला तर निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही स्वस्तात पडतो. पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. समोर पाणी आलं की बॅगेतला नवा बॉल परत ठेवून मुद्दाम एखादा खराब बॉल टीवर (पहिल्या फटक्याच्या खुंटीवर) ठेवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तो बॉल बदलतानाच त्यांनी फटका पाण्यात जाणार हे मनाशी मान्य केलेलं असतं. मग हात आखडतात, खांदे पूर्ण वळत नाहीत, आणि बॉल खरोखरच पाण्यात जातो. हरवला तर वाईट वाटणार नाही असा बॉल पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत खेळलात, तर हा प्रकारच होत नाही.

आता मूळ शंका, की वापरलेला बॉल कमी जातो का. ही समजूत जुन्या काळातून आली आहे आणि त्या काळी ती बरोबर होती. २००० सालापर्यंत व्यावसायिक खेळाडूंचे बहुतेक बॉल आत रबराचा धागा गुंडाळलेले आणि वर बलाटाचं (एका झाडाच्या चिकाचं) मऊ आवरण असलेले असत. आयर्न, म्हणजे लोखंडी काठी, बॉलला जरा वर लागली की आवरणाला चीर पडायची, धागा सैल व्हायचा, पाणी आत शिरायचं. २००० च्या अखेरीस प्रो व्ही वन आला आणि दोन-एक वर्षांत धाग्याचे बॉल व्यावसायिक स्पर्धांतून जवळपास नाहीसे झाले. आजच्या बॉलमध्ये पॉलिब्युटाडाइन रबराचा भरीव गाभा असतो, त्यावर एखादा मधला थर, आणि वर आयोनोमर या कडक किंवा युरेथेन या मऊ प्लास्टिकचं कवच. असा बॉल सावलीत, कोरड्या जागी ठेवला तर चार-पाच वर्षंही फारसा उतरत नाही. त्यामुळे आधी कोणीतरी चार होल खेळलेला बॉल निव्वळ वापरला गेला म्हणून कमी जाईल, असं मानायला आज कारण नाही. (मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत मात्र बॉल ठेवू नका. नवे असोत की जुने, तिथल्या उष्णतेत दोन्ही खराब होतात.)

बिघडवणाऱ्या गोष्टी दोन: ओरखडे आणि पाणी.

ओरखड्यांचा इतिहास मोठा गमतीशीर आहे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे (झाडाच्या वाळवलेल्या चिकाचे) गुळगुळीत बॉल आले, तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नव्या कोऱ्या बॉलपेक्षा खेळून खेळून ओरखडे पडलेला बॉल हवेत सरळ आणि लांब जातो. मग कारागीर नव्या बॉलवरच हातोडीने खुणा पाडायला लागले. पुढे १९०५ मध्ये विल्यम टेलरने खळग्यांचं पेटंट घेतलं. आज ज्यांना आपण डिंपल म्हणतो, ते हेच. आजच्या प्रो व्ही वनवर असे ३८८ डिंपल आहेत आणि त्यांची खोली, कडा, मांडणी सगळं मोजूनमापून ठरवलेलं असतं. म्हणून आजच्या बॉलवरचा ओरखडा मदत करत नाही, नुकसानच करतो. पण कोणता ओरखडा, ते पाहायचं. पेनाची खूण, कंपनीचा लोगो, गवताचा हिरवट डाग यांनी काही बिघडत नाही. वेजने (जवळच्या उंच फटक्याच्या काठीने) खरवडून दोन-तीन डिंपलच्या कडा उडाल्या असतील, कवचाचे बारीक तंतू उभे राहिले असतील, किंवा कार्टच्या सिमेंटच्या रस्त्यावर आपटून एक बाजू खरखरीत झाली असेल, तर तो बॉल हवेत भरकटतो. असा बॉल फक्त सरावाला.

पाण्याचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. कवचातून ओल फार हळू आत जाते. आठवडाभर तळ्यात पडलेला बॉल आणि अख्खा पावसाळा गाळात रुतलेला बॉल यांत बराच फरक असतो. गाभ्यात ओल गेली की बॉल मंदावतो. किती दिवस पाण्यात होता हे कोणी सांगू शकत नाही, पण बॉल थोडंफार सांगतो. पांढरा रंग पिवळट किंवा राखाडी झालेला असतो, वरची चमक गेलेली असते, कधी वरच्या पारदर्शक थराला बारीक फोड आलेले असतात. छपाईच्या कडाही विटलेल्या दिसतात.

आमच्या कोर्सवरचा एक कॅडी बॉल कसा पारखतो ते सांगतो, कारण मी त्याच्याकडूनच शिकलो. तो आधी ओल्या टॉवेलने बॉल पुसतो आणि लगेच उन्हात धरतो. ओला असताना प्रत्येक बॉल चकाकतो, म्हणून वाळेपर्यंत थांबतो. मग अंगठ्याच्या पोटाने बॉल सावकाश फिरवत जातो. डोळे दुसरीकडेच असतात. कुठे अंगठा अडला की थांबून तेवढीच जागा बघतो. शेवटी कवचात नख हलकंच दाबतो. युरेथेनचं कवच जरा मऊ, धरून ठेवणारं लागतं. आयोनोमर कडक आणि निसरडं लागतं. "साहेब, हा घ्या, हा राहू द्या," एवढंच बोलतो. एका बॉलला दहा सेकंदही लागत नाहीत. तुम्ही दोन-चार वेळा केलंत की तुमच्याही अंगठ्याला कळायला लागेल.

ऑनलाइन घेत असाल तर दर्जाची अक्षरं दिसतील. पाच 'ए' म्हणजे जवळजवळ नवा, चार 'ए' म्हणजे किरकोळ खुणा, तीन 'ए' म्हणजे वापर स्पष्ट दिसणारा. ही प्रत विक्रेता स्वतः ठरवतो, कुठली संस्था नाही, त्यामुळे पहिल्यांदा थोडेच मागवून बघा. तुमच्यासाठी चार 'ए' पुरेसे आहेत.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा: 'रिफर्बिश्ड' किंवा 'रिफिनिश्ड'. हे बॉल नुसते धुतलेले नसतात. जुना रंग काढून नवा रंग मारलेला असतो आणि त्यावर नाव पुन्हा छापलेलं असतं. अमेरिकेत टायटलिस्टची मालक कंपनी अकुश्नेट आणि असे बॉल विकणारी नायट्रो यांच्यात यावरून खटला झाला होता. २००३ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने या विक्रीला तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. विकायला परवानगी मिळाली म्हणून बॉल चांगला ठरत नाही. रंगाचा जादा थर डिंपलमध्ये साचतो, खोली बदलते, आणि खालचे ओरखडे झाकले जातात. म्हणजे तुम्हाला जे बघायचं होतं नेमकं तेच लपवलेलं असतं. ओळखायचं असेल तर डिंपलच्या तळाशी रंग दाटलाय का ते बघा आणि नावाची छपाई नव्या बॉलशी ताडून पाहा. खरचटलेला पण प्रामाणिक बॉल मला असल्या गोऱ्यागोमट्या बॉलपेक्षा कधीही चालेल. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या 'नव्या' नामांकित बॉलबद्दलही हीच सावधगिरी बाळगा, नकली माल बाजारात आहे.

आता एकाच मॉडेलचा आग्रह का, ते सांगतो. वापरलेल्या बॉलचं सगळ्यात मोठं नुकसान अंतरात होत नाही, सरमिसळीत होतं. या होलवर कडक दोन-थरी बॉल, पुढच्या होलवर मऊ युरेथेन, त्याच्या पुढे भलताच कुठला. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीला, हा फरक तुम्हाला जाणवणार नाही, कारण तुमच्या-माझ्या एका स्विंगपासून दुसऱ्या स्विंगपर्यंतचा फरकच त्याहून मोठा असतो. पण ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेवरून वीस यार्डांची चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, मारताना जाणवतो. युरेथेनचा बॉल दोनदा टप्पा खाऊन थांबतो आणि आयोनोमरचा तसाच पुढे घरंगळत जातो. दर वेळी बॉल वेगळा असेल, तर चूक हाताची होती की बॉलची, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि शिकणाऱ्याचं याहून मोठं नुकसान नाही. म्हणून कॅडीला सांगून ठेवा, की मला अमुक मॉडेलचेच पाहिजेत, सापडतील तसे बाजूला काढून ठेव. ते आनंदाने ठेवतात. आणि दरासाठी घासाघीस करू नका. काटेरी झुडपांत वाकून शोधलेली ती त्यांची कमाई आहे.

तेवढ्याच पैशात नवे दोन-थरी बॉल मिळतात, मग ते का नकोत, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. कॅलवे सुपरसॉफ्ट किंवा स्रिक्सॉन सॉफ्ट फील यांसारखे आयोनोमर कवचाचे नवे बॉल चांगले आहेत, टिकाऊ आहेत, सगळे सारखे मिळतात, आणि निवडायची कटकट नाही. नियमाने कोणताही बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड किंवा ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नसतो, त्यामुळे बाहेरून पाहिलं तर महाग-स्वस्त सगळे एकच. तुमचा वेळ बहुतेक लांब फटक्यांच्या सरावाच्या रेंजवर जात असेल आणि चिपिंगचा सराव फारसा होत नसेल, तर हेच घ्या, खुशाल. पण आठवड्यातून एकदा तरी चिपिंग ग्रीनवर तासभर घालवत असाल, तर त्याच पैशात वापरलेले युरेथेन घ्या. बॉल थांबतो कसा, हे मऊ कवचावर जास्त नीट शिकता येतं.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, इतकं माजतं की फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) दोन पावलं बाहेरचा बॉलही दिसेनासा होतो, आणि मऊ जमिनीत तो रुततो तो वेगळाच. या चार महिन्यांत पट्टीचे खेळाडूही वापरलेल्यांवर येतात. पिवळा किंवा केशरी बॉल मिळाला तर घ्या, हिरव्यात लवकर नजरेस पडतो. २०१९ पासून बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, हे लक्षात असू द्या.

त्यावरून नियमांचं सांगतो. वापरलेल्या बॉलवर आधीच्या मालकाची खूण असते, शिवाय एकाच मॉडेलचा, एकाच छापील आकड्याचा बॉल तुमच्या जोडीदाराकडेही असू शकतो. चुकीचा बॉल मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन फटक्यांचा दंड आहे, मॅच प्लेमध्ये (जिथे एकेक होल जिंकायचं असतं) होलच जातं. त्यामुळे विकत घेतल्याबरोबर मार्करने आपली ठळक खूण करा. क्लबच्या साध्या स्पर्धेत वापरलेला बॉल चालतो. जिथे मान्यताप्राप्त यादीतलेच बॉल वापरायची अट असेल, तिथे यादीतल्या मॉडेलचा वापरलेला बॉल चालतो, पण रिफर्बिश्ड चालत नाही, त्याच मॉडेलचा असला तरी.

आणि एक कळकळीची विनंती. आपला बॉल पाण्यात गेला की कॅडीला आत उतरायला सांगू नका, तो स्वतः निघाला तरी थांबवा. त्या तळ्यांच्या तळाशी गाळ असतो, खोली कळत नाही, आणि कित्येकांना पोहता येत नसतं. शिवाय पाण्यातल्या बॉलवर सहसा क्लबचा हक्क असतो. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या एका कोर्सच्या तळ्यातून रात्री बॉल काढणाऱ्याला २००२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली होती, अपिलात ती शिक्षा रद्द झाली. नीट चालणारे क्लब हे काम साधनं असलेल्या माणसांना ठरवून देतात. तसे काढलेले बॉल घ्या.

नवे कधी घ्यायचे? एकच बॉल अठरा होल पुरला, असं अधूनमधून व्हायला लागलं की. तेव्हा लगेच डझन घेऊ नका. दोन-तीन मॉडेलची तीन-तीन बॉलची छोटी खोकी घ्या आणि ग्रीनपासून मागे येत तपासा. आधी पुट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) मारून आवाज आणि स्पर्श कोणता आवडतो ते बघा, मग चिप, मग शंभर यार्डांचा वेज, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. दुकानात उलट सांगतील, कारण अंतरावर बॉल खपतो. पण ड्रायव्हर तुम्ही राउंडमध्ये जास्तीत जास्त चौदा वेळा मारता आणि पुट तीस-पस्तीस.