गिझर बदलताय? आधी जुना का बिघडला ते पाहा

थंडीची चाहूल लागली की गिझरबद्दलचे प्रश्न सुरू होतात. बहुतेकांना विचारायचे असते ते एकच: कोणत्या कंपनीचा घेऊ? मला कंपनीपेक्षा तो कोण बसवतो, कसा बसवतो आणि पाणी कसे आहे याची जास्त काळजी वाटते. चांगला गिझर चुकीचा बसवला तर दोन-तीन वर्षांत जातो, कधी घरातल्या माणसांच्या जिवावर उठतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: गिझर बारा वर्षांचा आहे. कॉइल गेली आहे. मेकॅनिक म्हणतो कॉइल बदलू, दुकानदार म्हणतो नवाच घ्या. कोणाचे ऐकू?

टाकीचे ऐका. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट या बदलायच्याच वस्तू आहेत. टाकी गळायला लागली असेल तर मात्र तिला डाग देऊन उपयोग नाही, आतला थर गेलेला असतो आणि महिन्याभरात शेजारी दुसरे छिद्र पडते. फक्त गरम नळालाच तांबूस पाणी येत असेल आणि थंड पाणी स्वच्छ असेल, तर टाकी आतून गंजते आहे असे बहुधा समजावे. कॉइल काढल्यावर त्याच तोंडातून टॉर्च मारून आत बघायला सांगा. तळाशी पांढरे खडे साचले असतील तर ते साफ होतात. गंजाचे पोपडे दिसले तर बारा वर्षांच्या टाकीवर नव्या कॉइलचा खर्च करू नका. न उघडताच निकाल देणाऱ्यावर, मग तो मेकॅनिक असो की दुकानदार, विश्वास ठेवू नका.

प्रश्न: घरात चौघे आहोत. किती लिटरचा घ्यावा? तीन लिटरचा इन्स्टंट पुरेल का?

स्वयंपाकघराच्या सिंकला पुरेल. आंघोळीला, तेही थंडीत, नाही.

हिशेब सोपा आहे. 15 लिटर पाणी 60 अंशांवर असेल आणि त्यात 20 अंशांचे तेवढेच थंड पाणी मिसळले, तर 40 अंशांचे 30 लिटर मिळते. प्रत्यक्षात थोडे कमीच, कारण वापर चालू असताना टाकीत थंड पाणी शिरत राहते. बादलीने आंघोळ करणाऱ्या दोघांची त्यात होते, मग पुढच्यासाठी दोन किलोवॅटच्या गिझरला वीसेक मिनिटे द्यावी लागतात. चौघांना एका तासात आवरायचे असेल किंवा शॉवर असेल तर 25 लिटरचा घ्या. तीन किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला तीन लिटर पाणी सुमारे 14 अंशांनीच तापवतो. 20 अंशांचे पाणी 34 वर येते, म्हणजे कोमट. मोठा घेण्याआधी बाथरूमची वायरिंग आणि 16 अँपिअरचा सॉकेट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

प्रश्न: गिझर सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते असे ऐकले. खरे आहे का?

नाही. पाणी जितका वेळ गरम राहते तितका वेळ टाकी उष्णता गमावत राहते. लागेल तेव्हा लावा, झाले की बंद करा.

प्रश्न: गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. प्लंबरने एम-सील लावून बंद करून दिले. आता नवा गिझर घेतोय, तर तोच व्हॉल्व्ह वापरायचा म्हणतो. चालेल ना?

चालणार नाही. आणि नवा येईपर्यंत जुना गिझरही लावू नका. आजच बंद करा.

सविस्तर लिहितो, कारण व्हॉल्व्ह बुजवून दिल्याचे मला दर थंडीत कोणी ना कोणी कळवते, आणि तेही गळती थांबल्याच्या समाधानाने. पाणी तापले की फुगते. 20 अंशांचे 15 लिटर पाणी 60 वर गेले की त्याला जवळपास पाव लिटर जागा जास्त लागते. टाकी बंद असते. थंड पाण्याच्या बाजूला उलट प्रवाह अडवणारी झडप असेल तर फुगलेल्या पाण्याला मागे जायलाही वाट नसते. ती वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह. तापताना त्यातून थेंब पडणे म्हणजे तो काम करतो आहे. पडायलाच हवेत.

तो बुजवल्यावर काय होते ते पाहा. थर्मोस्टॅट ठीक असेल तोवर टाकीवर रोज जास्तीचा ताण येतो, सांधे सैल होतात, टाकी लवकर फुटते. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले आणि पाणी फार तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही चालला नाही तर पाणी तापतच जाते. दाबाखालचे पाणी 100 अंशांना उकळत नाही, पाच बार दाबात ते दीडशे अंशांपर्यंतही पाणीच राहते. अशी टाकी फाटली की दाब एकदम सुटतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे 1600 लिटर जागा मागते. छत फोडून गिझर वर जाण्याच्या घटना यातूनच घडतात.

काढलेला जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन बघा. क्षाराच्या पाण्यावर काही वर्षे चाललेला असेल तर स्प्रिंगभोवती पांढरा, टणक थर दिसतो आणि लिव्हर अंगठ्याने हलत नाही. असा व्हॉल्व्ह नव्या टाकीवर लावणे म्हणजे तो न लावण्यासारखेच आहे. नव्या गिझरबरोबर त्याच्या दाबाला जुळणारा नवा व्हॉल्व्ह यायला हवा. ‘फ्री इन्स्टॉलेशन’मध्ये व्हॉल्व्ह आणि कनेक्शन पाइप धरलेत का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण पैसे वाचवायला नेमका इथेच जुना माल बसवला जातो. व्हॉल्व्हच्या तोंडाला खाली जाणारी, शेवटी उघडी अशी नळी जोडा. दर दोन-तीन महिन्यांनी, गिझर बंद आणि पाणी गार असताना, लिव्हर एकदा उचलून पाणी येते का ते बघा.

गिझर थंड असतानाही धार लागत असेल तर बिघाड आहे. एक तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय, नाहीतर लाइनचा दाब जास्त आहे. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बार दाब येतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असेल तर तो खूप वाढतो. मग दाब मोजून तो कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवावा लागेल. हे कंपनीच्या अधिकृत माणसाकडून करून घ्या.

प्रश्न: गॅस गिझर बाथरूममध्ये लावला तर? छोटी खिडकी आहे.

नको. थंडीत ती खिडकी तुम्हीच लावून घ्याल. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि दार उघडायचे भान येण्याआधी माणूस कोसळतो. गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हवा, आत फक्त गरम पाण्याची नळी. सध्या आत असलेला ‘या सीझननंतर’ काढू म्हणू नका.

प्रश्न: बोअरचे पाणी आहे. क्षार जाण्यासाठी पाइपला लावायचे चुंबक विकायला एक माणूस आला होता. घ्यावे का?

नका घेऊ. त्यावर भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. पाण्याची कठीणता तपासून घ्या, मग गरज असेल तर कठीणता कमी करणारा सॉफ्टनर. थर्मोस्टॅट 60च्या वर नेऊ नका, कारण पाणी जितके गरम तितका थर जोरात बसतो. आणि टाकीतला अॅनोड रॉड वर्षातून एकदा काढून बघा. टाकीऐवजी तो झिजावा यासाठीच असतो, झिजून तार उरली की बदलायचा. वॉरंटी कार्ड नीट वाचा: टाकीची वर्षे मोठ्या अक्षरात असतात, कॉइलची आणि पाण्याविषयीच्या अटी बारीक अक्षरात.

प्रश्न: सोलर घ्यावा की हीट पंप? गच्ची आहे.

गच्चीवर दिवसभर ऊन असेल तर आधी सोलरचा विचार करा. ढगाळ दिवसांसाठी विजेची सोय लागेलच. काचेच्या नळ्यांचा साधा सोलर प्रेशर पंपाच्या लाइनवर थेट जोडत नाहीत, आणि क्षाराचे पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांचा फ्लॅट प्लेट प्रकार आतून चोंदतो. गच्ची ते बाथरूम नळी लांब असेल तर रोज सकाळी तेवढे गार पाणी आधी सोडावे लागते. 15 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या वीस मीटर नळीत साडेतीन लिटर मावते. नळीला इन्सुलेशन हवेच. हीट पंप हवेतली उष्णता खेचून पाणी तापवतो. तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, पण सावकाश तापवतो, हवा खेळती लागते, आवाजही करतो. माणसे जास्त आणि वापर रोजचा असेल तरच त्याचा हिशेब बसतो. जागा न बघता फोनवर दर सांगणाऱ्याला नकार द्या.

प्रश्न: घरात तान्हे बाळ आणि आजी आहेत. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवू?

टाकीत 60, नळाला त्याहून कमी. 60 अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत भाजते, लहान मुलाला त्याआधीच. पण टाकी कायम कोमट ठेवली तर लिजिओनेलासारखे जंतू त्यात वाढू शकतात. त्यांना 20 ते 45 अंशांचे साचलेले पाणी मानवते. म्हणून नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, तो गरम पाण्यात थंड मिसळून ठरलेल्या तापमानाचेच पाणी सोडतो. तो बसेपर्यंत बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम, आणि हात घालून बघा. आजींची प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरांशीही बोला.

प्रश्न: गेले पंधरा दिवस शॉवरच्या नळाला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. नवा गिझर पुढच्या महिन्यात घेणार आहोत. तोवर चालवू का?

पंधरा दिवस? आत्ता उठून गिझरचा एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला त्याचा ब्रेकर, खाली करा, फक्त स्विच नव्हे, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. कॉइल फुटली असेल किंवा अर्थिंग तुटले असेल, बहुधा दोन्ही. आजच परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग मोजून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा लगेच तोडणारा ब्रेकर) बसवून घ्या. नवा गिझरही या दोन गोष्टी झाल्याशिवाय जोडू देऊ नका. तोवर पाणी स्वयंपाकघरात गॅसवर तापवा.