'नॅचरल सन' म्हणजे अनौरस, असं इतक्यात ठरवू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. १८८० च्या सुमाराच्या इंग्रजी कागदात तुमच्या पणजोबांना 'नॅचरल सन' म्हटलंय, शब्दकोशात त्याचा अर्थ 'अनौरस मुलगा' निघाला आणि तेव्हापासून घरातली मोठी माणसं त्या विषयावर बोलत नाहीत. आमच्याकडे हेच घडलं होतं. म्हणून लांबलं तरी सगळं लिहितो.

मी वकील नाही आणि भाषाशास्त्रज्ञही नाही. जमिनीचा किंवा वारसाहक्काचा प्रश्न असेल तर जाणकार वकिलालाच कागद दाखवा. मी फक्त शब्दाबद्दल बोलतोय.

आमचा कागद वाटणीचा होता. आधी दत्तक घेतलेला मुलगा आणि दत्तकानंतर काही वर्षांनी पोटी झालेला मुलगा, असे दोघे. पोटच्या मुलाला 'नॅचरल सन' म्हटलेलं. मी हाताशी असलेला आजचा कोश उघडला, त्यात 'अनौरस' सापडलं आणि तेच लिहून मोकळा झालो. वर एका भाषांतर कार्यालयाकडून त्यावर शिक्का मारून घेतला. आमची धाकटी पाती त्या पोटच्या मुलाची. म्हणजे घरातल्या अर्ध्या माणसांवर मी शिक्क्यानिशी कलंक लावला. धाकट्या पातीचे लोक त्या वर्षी गणपतीला आले नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. माझे थोरले चुलते त्याच काळात गेले. त्यांना 'माझं चुकलं' हे सांगायचं राहून गेलं, आणि ते आजही सलतं.

चूक कळली ती घरातल्या जुन्या कागदांच्या गाठोड्यातला, त्याच वाटणीचा मोडी कागद एका जाणकाराकडून वाचून घेतल्यावर. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'औरस पुत्र'. गाठोडं पहिल्या दिवसापासून माझ्याच कपाटात होतं! मोडी येत नाही म्हणून मी ते सोडलंच नव्हतं. भाषांतर दुरुस्त करून घ्यायला गेलो तर त्या कार्यालयातून उत्तर आलं की दुरुस्ती फक्त टंकनदोषाची होते, आणि कोशात जो अर्थ आहे तोच आम्ही लिहिलाय. चौदा महिने खेटे घातले. ज्यांच्या एका शब्दाने कुणाचा बाप बदलतो, त्यांनी कागदाचं साल न बघता अर्थ लिहावा याचा मला अजूनही संताप येतो.

आता शब्दाकडे. 'नॅचरल'च्या मुळाशी लॅटिनमधलं जन्मणं आहे. रक्ताच्या नात्याचा, म्हणजे दत्तक नव्हे असा, हा त्याचा जुना अर्थ. 'विवाहबाह्य' हा अर्थही शेक्सपिअरच्या काळी रुळलेला होता. 'किंग लिअर'मध्ये ग्लॉस्टर आपल्या अनौरस मुलाला, एडमंडला, मायेने 'नॅचरल बॉय' म्हणतो. त्याच्या मनात 'पोटचा, खऱ्या मायेचा' असतं आणि प्रेक्षकाला दुसराही अर्थ ऐकू येतो. एकाच शब्दात दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत होते. मग ठरवायचं कशावरून? तर समोर कोणता शब्द उभा आहे त्यावरून. हिंदू दत्तकाच्या इंग्रजी कागदांत 'नॅचरल'च्या समोर 'अडॉप्टेड' उभा असतो. तिथे 'नॅचरल फादर' म्हणजे जन्मदाता बाप, तसाच 'नॅचरल सन' म्हणजे औरस. अनौरस म्हणायचं असेल तर त्या काळचे हिंदू कायद्याचे लेखक बहुधा सरळ 'इललेजिटिमेट' लिहीत.

माझं ठाम मत आहे की सालाशिवाय अर्थ बघूच नये. ऑक्सफर्डचा मोठा कोश बघा, छोटा नव्हे. १८८४ ते १९२८ अशी पहिल्या आवृत्तीची छपाई चालली. त्यात एकेका अर्थाखाली कोणत्या साली कुणी तो शब्द तसा वापरला याची अवतरणं आहेत. तुमच्या कागदाच्या आसपासची अवतरणं वाचा. आणि कागदात मराठी-फारसी महसुली शब्द इंग्रजी अक्षरांत आले असतील तर विल्सनचा न्यायालयीन आणि महसुली शब्दांचा १८५५ चा संग्रह हाताशी ठेवा.

तुमच्या कागदात आणखी काही शब्द फसवतील. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नव्हे, अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेला वारस. तो सतरा वर्षांचाही असू शकतो. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. 'इश्यू' म्हणजे संतती, आणि 'वाँट ऑफ इश्यू' म्हणजे संततीची इच्छा नव्हे, संतती नसणं. 'कॉर्न' दिसलं तर मका लिहू नका, धान्य लिहा. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तो शब्द त्याच अर्थाने येतो. 'कझिन' जितका जुना तितका सैल. 'हॅम्लेट'मध्ये क्लॉडियस आपल्या पुतण्यालाच कझिन म्हणतो. त्यामुळे या एका शब्दावर वंशावळ रचू नका.

कागदाचा फोटो काढताना उजेड बाजूने, तिरका पडू द्या. टाकाने पडलेले खोलगट ठसे बरे दिसतात. प्लास्टिकमध्ये मात्र गुंडाळून ठेवू नका, दमट हवेत बुरशी धरते.

आज एवढंच करा. त्या कागदात कुठेही 'अडॉप्टेड' किंवा 'अडॉप्शन' आहे का ते शोधा, आणि सोबत मोडी प्रत असेल तर आधी ती वाचून घ्या. तिथे जो शब्द असेल तो इथे जसाच्या तसा लिहा. तोवर घरच्यांना सांगा की अर्थ अजून ठरलेला नाही.