तो शिवाजी वेगळा, हा शिवाजी वेगळा

गेल्या अंकात रजनीकांतबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी जुने तमिळ नट शिवाजी गणेशन यांचं नाव ओझरतं घेतलं. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते आहे. आधीच सांगते, मी काही चित्रपट समीक्षक नाही. माझं बालपण माटुंग्यात गेलं. शेजारच्या तमिळ मामी मला दर दोन-तीन रविवारी ऑरोरा थिएटरला घेऊन जायच्या. त्यांच्या वेणीतल्या गजऱ्याच्या वासासकट जे डोक्यात बसलं आणि पुढे जे वाचलं, त्याच्या जोरावर ही उत्तरं.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की शिवाजी गणेशन हे मूळचे साताऱ्याकडचे गायकवाड. मी अभिमानाने चार ठिकाणी पुढे पाठवला. जावई म्हणतात, साफ खोटं आहे. कोण बरोबर?
(द. शि., कराड)

उत्तर : जावई. तुम्हाला हे वाचायला आवडणार नाही, पण इलाज नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने दोन माणसांची भेसळ केली आहे. गायकवाड ते रजनीकांत. शिवाजीराव गायकवाड, जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूर, मराठी घर, सिनेमात येण्याआधी बस कंडक्टर. शिवाजी गणेशन यांचं खरं नाव नुसतं गणेशन. जन्म १ ऑक्टोबर १९२८, विल्लुपुरम. वडील चिन्नय्या मन्रायर, आई राजामणी, मूळ गाव तंजावरजवळचं सूरक्कोट्टै. पक्के तमिळ.

मग 'शिवाजी' आलं कुठून? नाटकातून. सी. एन. अण्णादुरै, जे पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले, त्यांनी चाळीसच्या दशकात 'शिवाजी कंड हिंदू राज्यम्' नावाचं नाटक लिहिलं. म्हणजे शिवाजीने पाहिलेलं हिंदू राज्य. विषय कोणता, तर राज्याभिषेकाला झालेला विरोध आणि गागाभट्ट. गागाभट्टाचं काम अण्णादुरै स्वतः करायचे. महाराजांच्या भूमिकेसाठी आधी एम. जी. रामचंद्रन, म्हणजे नट एम.जी.आर., यांचा विचार झाला होता, ते जमलं नाही आणि गणेशन नावाच्या एका किडकिडीत पोराकडे ती आली. नव्वदेक पानांचं बाड त्याने एका दिवसात तोंडपाठ केलं, असं सांगतात. नाटक बघायला द्रविड चळवळीचे पुढारी पेरियार आले होते. बघून झाल्यावर ते म्हणाले, आजपासून हा शिवाजी गणेशन. ते नाव त्यांना मरेपर्यंत चिकटलं.

देवधर्म न मानणाऱ्या पेरियारांनी महाराजांचं नाव बक्षीस म्हणून द्यावं, याचं आपल्याकडच्या काहींना नवल वाटतं. मला नाही वाटत. जोतीरावांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांनाही राजा असाच, बहुजनांचा, दिसला होता. द्रविड चळवळीने तोच धागा आपल्या बाजूने पकडला, इतकंच.

आणि गंमत पुढेच आहे. पंचाहत्तर साली बंगळूरचे शिवाजीराव दिग्दर्शक के. बालचंदर यांच्या चित्रपटात आले तेव्हा तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच गाजत होता. म्हणून बालचंदरांनी त्यांचं नाव बदलून रजनीकांत केलं. म्हणजे ज्याचं नाव शिवाजी नव्हतं त्याला ते मिळालं, आणि ज्याचं होतं त्याला सोडावं लागलं. १९९९ च्या 'पडयप्पा'मध्ये हे दोघे बाप-लेक म्हणून समोरासमोर आहेत.

अभिमान बाळगायचाच असेल तर हा घ्या. विल्लुपुरम जिल्ह्यातच जिंजीचा किल्ला आहे. महाराजांनी १६७७ साली तो घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी त्याच्याच आडोशाने मुघलांना कित्येक वर्षं झुलवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा एकच, जिंजी. हा मेसेज बिनधास्त पुढे पाठवा.

प्रश्न : मी यूट्यूबवर शिवाजींच्या 'पराशक्ती'मधला कोर्टाचा प्रसंग पाहिला. माफ करा, पण हा अभिनय की आरडाओरडा? याला एवढं थोर का म्हणतात?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : माफी कशाला? तुमचा प्रश्न तमिळ घरांतही विचारला जातो. आमच्या मामींचे धाकटे दीर हेच म्हणायचे आणि मामी त्यांना त्या दिवशी रस्सम वाढायच्या नाहीत.

हा माणूस आला कुठून ते बघा. सात-आठ वर्षांचं वय असताना घर सोडून पोरांच्या नाटक कंपनीत भरती. 'बॉइज कंपनी' म्हणायचे. सुरुवात स्त्रीभूमिकांनी, पहिली सीतेची. आपल्याकडच्या गंधर्व काळाशी ताडून पाहा, तोच संसार. फरक एवढाच की तिकडे गाण्याइतकाच भाव पल्लेदार बोलण्याला होता. शेवटच्या रांगेतल्या, जमिनीवर बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे आणि तोही माइकशिवाय. अशी पंधराएक वर्षं काढलेला गळा कॅमेऱ्यासमोर आला म्हणून एकदम कुजबुजायला लागत नाही.

शिवाय 'पराशक्ती' १९५२ च्या दिवाळीला आला. संवाद करुणानिधींचे. ते संवाद नव्हतेच, भाषणं होती. लोक थिएटरात भाषण ऐकायलाच जायचे आणि बाहेर येऊन पाठ म्हणायचे. तिथे हळू बोलणारा नट कुणी उभा केला नसता. उलट स्टुडिओवाल्यांना हा पोरगा फार बारीक वाटत होता, त्याला काढायचं चाललं होतं. निर्माते पी. ए. पेरुमाळ मुदलियार हटून बसले. महिना अडीचशे रुपये पगार होता. त्या पेरुमाळांच्या वेल्लूरच्या घरी शिवाजी पुढे दरवर्षी पोंगलला भेटी घेऊन जात राहिले.

आता तुम्ही एक करा. 'पराशक्ती' बंद करा आणि १९६८ चा 'तिल्लाना मोहनांबाळ' लावा. त्यात ते नादस्वरम् वाजवणारे षण्मुगसुंदरम आहेत. नादस्वरम् म्हणजे आपल्या सनईचा थोरला भाऊ. प्रत्यक्षात वाजवलंय सेतुरामन आणि पोन्नुसामी या मदुरैच्या भावांनी, पण ते विसरायला होतं. एका स्पर्धेत षण्मुगसुंदरमवर विषारी सुरी फेकली जाते, हात जखमी होतो. बरा होऊन तो परत येतो, भर सभेत वाजवायला बसतो आणि समोर मोहनांबाळ, म्हणजे पद्मिनी, नाचते. दोघांना बोलायची सोय नाही, म्हणून ती गाण्यातूनच विचारते, बरा आहेस ना? त्याच्या तोंडात वाद्य. म्हणजे जीभ, ओठ, गाल, बोटं सगळी कामात. तुमचा तो आरडाओरडा करणारा नट इथे आवाज नावाची वस्तूच वापरू शकत नाही. उरतात डोळे. गाल फुगलेलेच, बोटं भोकांवर फिरताहेत, मधेच हात दुखतो तशी भुवई किंचित हलते आणि डोळ्यांत पाणी येतं, पण फुंकर तुटत नाही. मी हा तुकडा किती वेळा मागे नेऊन पाहिलाय ते सांगत नाही.

आणि तरीही पटलं नाही तर भारतीराजांचा 'मुदल मरियादै', १९८५. गावातला पोक्त मोठा माणूस, घरात सुख नाही, नदीकाठच्या एका मुलीशी जुळलेलं नाव नसलेलं नातं. एका पैजेपायी तो एक भलाथोरला धोंडा उचलायला बघतो. पन्नाशी उलटलेलं शरीर, आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची चोरटी नजर, आणि पोरासारखी हौस. यात भाषण एकही नाही.

बाकी, काही चित्रपटांत ते अति करतात हे मलाही मान्य. पावणेतीनशेच्या वर चित्रपट केलेल्या माणसाचे सगळेच कसे धड असतील?

प्रश्न : संजीवकुमारने नऊ भूमिका केलेला 'नया दिन नई रात' मूळचा शिवाजींचा का?
(र. गो., सोलापूर)

उत्तर : हो. 'नवरात्रि', १९६४, दिग्दर्शक ए. पी. नागराजन. तो शिवाजींचा शंभरावा चित्रपट. नऊ रस, नऊ माणसं, त्यात एक कुष्ठरोगीही. हिंदी १९७४ चा. दिलीपकुमारचा 'आदमी'सुद्धा शिवाजींच्या 'आलयमणि'वरून घेतलेला आहे. संजीवकुमार आवडत असेल तर दोन्ही पाहा, पण एकाच दिवशी नको. अठरा माणसं घरात मावत नाहीत.

प्रश्न : लतादीदी त्यांना भाऊ मानायच्या, हे खरं का?
(मा. जो., नाशिक)

उत्तर : खरं. त्या त्यांना अण्णा म्हणत. शिवाजींच्या घरच्यांनी अनेकदा सांगितलंय की 'पाव मन्निप्पु' (१९६१) पाहून लताबाई भारावल्या आणि भावंडांना घेऊन मद्रासला त्यांच्या घरी गेल्या. त्या घराचं नाव 'अन्नै इल्लम', म्हणजे आईचं घर. पुढे लताबाई तिकडे गेल्या की हॉटेलात उतरायचं नाही, असा दंडक. त्यांच्यासाठी आवारात छोटा बंगलाच बांधला. १९८७ मध्ये शिवाजींचा मुलगा प्रभू याच्या 'आनंद' चित्रपटात लताबाईंनी इळैयाराजांच्या चालीवर तमिळ अंगाई गायली. ऐका. उच्चारांना नावं ठेवणारे ठेवतात, आपण अंगाई ऐकावी.

प्रश्न : एम.जी.आर. मुख्यमंत्री झाले. मग तेवढ्याच लोकप्रिय शिवाजींना राजकारण का जमलं नाही?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : जमलं नाही हे खरंच. सुरुवात द्रमुकच्या गोटात. पन्नाशीच्या दशकात तिरुपतीला जाऊन आले म्हणून नास्तिक मित्रांनी टर उडवली आणि ते दुरावले. मग कामराजांची काँग्रेस, पुढे राज्यसभा. १९८८ मध्ये स्वतःचा पक्ष काढला आणि ८९ ला तिरुवैयारूमधून स्वतःच पडले. तंजावरचा भाग, म्हणजे घरचं मैदान.

कारणं राजकारणातले लोक बरीच सांगतील. माझं आपलं बायकी निरीक्षण सांगते. एम.जी.आर. पडद्यावर दारू प्यायचे नाहीत, सिगारेट ओढायचे नाहीत आणि सहसा मरायचेही नाहीत. प्रत्येक चित्रपटात तोच गरिबांचा वाली. शिवाजी मात्र दारुडे झाले, म्हातारे झाले, कुरूप झाले, ढसाढसा रडले, फासावर गेले. आमच्या मामी शिवाजींसाठी रडायच्या आणि मद्रासच्या त्यांच्या बहिणी मत एम.जी.आर.ना द्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "तो फार चांगला नट आहे गं, पण नक्की कसा आहे ते कळत नाही."

प्रश्न : आमच्या मजल्यावर एक तमिळ आजोबा एकटे राहतात. ऐंशीवा वाढदिवस आहे. शिवाजींचा एखादा चित्रपट सगळ्यांनी मिळून बघायचं ठरतंय. कोणता लावू?
(सौ. अ. कु., ठाणे)

उत्तर : खरं तर आजोबांनाच विचारायचं. पण आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल तर 'वीरपांडिय कट्टबोम्मन', १९५९. इंग्रजांना कर द्यायला नकार देऊन १७९९ मध्ये फासावर गेलेला पांचालंकुरिचीचा पाळेगार. याच भूमिकेसाठी १९६० मध्ये कैरोच्या महोत्सवात शिवाजींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. जिथे कट्टबोम्मनला फाशी दिली त्या कयत्तारला जागा विकत घेऊन त्यांनी त्याचा पुतळाही उभारला.

चित्रपट चांगला लांब आहे, तेव्हा मध्ये कॉफी ठेवा, स्टीलच्या डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात. जॅक्सन नावाच्या गोऱ्या साहेबासमोर कट्टबोम्मन उभा राहतो तिथे आवाज थोडा वाढवा. तो साहेबाला वसुलीचा जाब विचारतो, त्यात 'किस्ती' हा शब्द येतो. आपली किस्त तीच. एवढं आलं की समजा पुढचं आजोबा पडद्याच्या आधी बोलणार, बहुधा उभे राहून. त्या वेळी सबटायटल्स वाचत बसू नका, आजोबांकडे बघा.