अमेरिकेत कामगार युनियनच्या आरोग्य योजनेत माफियाला एवढा रस का होता?

कारण पैसा तिथे न मागता येतो. कामगाराच्या तासागणिक मालक निधीत रक्कम भरतो. 1947च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानुसार त्यावर युनियन आणि मालक यांचे समसमान विश्वस्त असतात. विश्वस्त खिशात घातला की झालं. तिजोरी फोडायचीही गरज नाही, फक्त दावे निकाली काढायचं कंत्राट 'आपल्या' माणसाला द्यायचं. फी फुगवायची, मर्जीतल्या कंपन्यांना काम द्यायचं. आजारी कामगाराचं बिल बहुधा भागतं, म्हणून बोंब कोण मारणार?

शिकागोचा ॲलन डॉर्फमन बघा. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचा विमा युनियनचा नेता जिमी हॉफा याच्या कृपेने 1950च्या सुमारास त्याच्याकडे आला. सावत्र बाप पॉल डॉर्फमनची ऊठबस शिकागोच्या माफिया टोळीत, हे ओघानं आलंच. ॲलन 1972 साली युनियनच्याच पेन्शन निधीतून कर्ज मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला, तुरुंगात गेला; तरी आरोग्य दाव्यांचं काम त्याच्याच कंपनीकडे राहिलं! (मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.) डिसेंबर 1982मध्ये सिनेटरला लाच देण्याच्या कटात तो पुन्हा दोषी ठरला. शिक्षा व्हायच्या आत, 20 जानेवारी 1983ला, शिकागोजवळच्या लिंकनवूडमधल्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये त्याला गोळ्या घातल्या. बहुधा तो तोंड उघडेल, ही भीती.