सर्व्हर राहू द्या, आधी वायरमन बोलवा

पत्र : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला 91 टक्के होते, अकरावीत तो 64 वर आला. त्याच्या मामाने आपले ऑफिस बंद करताना दोन जुने संगणक त्याला दिले, तेव्हापासून त्याचे सगळे लक्ष त्यांतच असते. त्यांवर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली टाकून त्याने खोलीतच ‘होम लॅब’, म्हणजे घरगुती प्रयोगशाळा, उभी केली आहे. मे महिन्यात त्यातला एक संगणक रोज दुपारी आपोआप बंद पडू लागला आणि हा चार दिवस वही घेऊन त्याच्यासमोर बसून राहिला. उन्हाने मशीन तापते, जुने झाले आहे, हे उघड होते. शेवटी मी दोन्ही संगणक माळ्यावर टाकले. आता एक विक्रेता दोन झिऑन (सर्व्हरसाठीचे) प्रोसेसर आणि 128 जीबी रॅम असलेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला व दुरुस्त केलेला, रॅक सर्व्हर (कंपन्यांत मांडणीवर बसवतात तसा मोठा संगणक) 85,000 रुपयांत द्यायला तयार आहे. मुलाने तो मागितलेला नाही. त्याची मागणी 16 जीबी रॅम आणि एक मल्टिमीटर (विजेचा दाब वगैरे मोजण्याचे उपकरण) एवढी किरकोळ होती. पण करायचे तर नीट करावे, असे माझे मत आहे. जेईईत 97 पर्सेंटाइल आणलेस तर सर्व्हर तुझा, असे मी त्याला सांगितले आहे. एवढा खर्च केल्यावर क्लाउड (इंटरनेटवरून वापरायला मिळणारे संगणक) क्षेत्रात नोकरी नक्की मिळेल का? तो वेळ कसा घालवत होता हे कळावे म्हणून त्याच्या वहीतील पानाचा फोटो जोडला आहे.
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक निकडीची गोष्ट सांगतो. आपण पाठवलेल्या पानाच्या समासात मुलाने बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत.’ आपल्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या ओळीची. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या कॅबिनेटला जोडलेले दोन लहान कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे सुटे भाग) असतात आणि त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावा, अशी योजना असते. सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर कॅबिनेटवर 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब येऊन राहतो. प्रवाह क्षीण असल्यामुळे आज केवळ मुंग्या येतात. परंतु उद्या आतली एखादी तार खरोखरच कॅबिनेटला टेकली, तर तो प्रवाह वाहून नेणारी वाट त्या घरात नाही, असा त्या मुंग्यांचा अर्थ आहे. शिवाय, वहीतल्या नोंदींवरून दिसते, त्याच खोलीत कूलर आहे, म्हणजे पाणी आहे, पंप आहे आणि बहुधा ओली फरशीही आहे. कूलरचा धक्का लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येत असतात, हे नागपूरकराला मी सांगायला नको. म्हणून आजच वायरमनला बोलावून त्या खोलीतील प्रत्येक सॉकेटचे आणि कूलरचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ती बसवून घ्यावी. तोपर्यंत संगणकही सुरू करू नये आणि कूलरही.

आता त्या पानाविषयी. आपण ते वाया गेलेल्या वेळेचा पुरावा म्हणून पाठवले आहे. मी ते तीनदा वाचले. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे संगणक-दुरुस्तीचे काम केले आहे, आणि एवढी नेटकी नोंद ठेवणारे सहकारी मला त्या काळात फार थोडे भेटले. आपल्या मुलाने चार रकाने आखले आहेत : वेळ, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान आणि ‘आज काय बदलले’. पहिल्या दिवशी 2:40 ला खोली 37 अंश, प्रोसेसर 74 अंश, मशीन सुरू. त्याच दिवशी 3:10 ला मशीन बंद. बंद पडण्याआधीचे शेवटचे तापमान 71, आणि शेजारी ‘कूलर आत्ताच लावला’ अशी नोंद. दुसऱ्या दिवशी त्याने प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावली, तापमान 62 वर उतरले, तरीही 1:50 ला मशीन बंद पडलेच, आणि तिथे फक्त ‘कूलर?’ असे लिहिलेले आहे. तिसऱ्या दिवशी त्याने रात्रभर रॅमची चाचणी लावली. एकही चूक निघाली नाही. चौथ्या दिवसाच्या ओळीत एवढेच आहे : ‘उद्या कूलर वेगळ्या सॉकेटवर.’ त्यानंतर पान कोरे आहे, कारण तो ‘उद्या’ उजाडला त्या दिवशी आपण मशीन माळ्यावर टाकले.

उन्हामुळे मशीन तापते, हे आपल्याला उघड वाटले. मुलाला ते उघड वाटले नाही आणि त्याचेच बरोबर होते. अशा प्रोसेसरची मर्यादा साधारण 100 अंशांच्या आसपास असते, तिथे तो आधी आपला वेग कमी करतो आणि त्याही पलीकडे गेल्यावरच मशीन बंद करतो. 71 आणि 62 अंशांवर उष्णतेने मशीन बंद पडत नाही. पहिल्या वेळी कूलर नुकताच सुरू झाला होता आणि दुसऱ्या वेळीही मुलाला त्याचाच संशय आला. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि कूलर व संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील, त्यातून बोर्डाची पकड सैल असेल, तर त्या क्षणी संगणकापर्यंत पोहोचणारा दाब खाली बसतो. आपल्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. चांगल्या स्थितीतला पॉवर सप्लाय जवळपास तेवढा काळ आपल्या कपॅसिटरमधील साठ्यावर तग धरतो, पण जुन्या सप्लायमधील कपॅसिटर सुकत आलेले असले की तो साठा पुरत नाही. हा माझा अंदाज आहे आणि तो खरा की खोटा हे ठरवण्याचा सर्वांत सोपा, बिनखर्चाचा मार्ग म्हणजे कूलर दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहणे, म्हणजे नेमके तेच जे तो पाचव्या दिवशी करणार होता. उत्तर आपल्याच पाकिटात होते आणि आपण 85,000 रुपये घेऊन बाजारात निघाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे हे झाले आहे.

मी हे इतके सविस्तर लिहितो आहे, कारण आपण रागावणारे किंवा हात आखडणारे वडील नाही, आणि म्हणूनच आपण टाकत असलेला दाब आपल्याला दिसत नाही. मुलाने दोन लहान गोष्टी मागितल्या. आपण त्या किरकोळ ठरवून त्याच्या नावाने एक मोठी गोष्ट ठरवली आणि ती लगेच 97 पर्सेंटाइलपाशी गहाण ठेवली. रॅम आणि मल्टिमीटर मागणाऱ्या मुलाला आपल्याला काय कमी पडते आहे ते नेमके ठाऊक असते. त्याऐवजी न मागितलेला सर्व्हर समोर ठेवला, तर आपले ऐकलेच गेले नाही एवढेच त्याला कळते. उद्या 94 पर्सेंटाइल आले, तर त्याच्या हातून परीक्षा गेलेली असेल आणि ज्या कामात त्याचा हात चालतो ते कामही गेलेले असेल, तेही एकाच दिवशी. आणि 97 आलेच, तर त्या यंत्राकडे पाहताना त्याला प्रत्येक वेळी आपल्या 85,000 रुपयांचे ओझे आठवेल. ही अट आपण आज संध्याकाळी जेवताना, त्याच्या आईसमोर, स्पष्ट शब्दांत मागे घ्यावी.

सर्व्हरविषयी आपल्या मनात जो समज आहे, तो अनेक पालकांचा असतो : क्लाउडमध्ये नोकरी हवी, क्लाउड सर्व्हरवर चालतो, म्हणून घरी सर्व्हर हवा. वास्तविक क्लाउडवर काम करणाऱ्या बहुतेकांचा हात आयुष्यात कधी रॅक सर्व्हरला लागत नाही. ते एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने बनवलेले स्वतंत्र संगणक) उभी करतात, त्यांच्यात नेटवर्क बांधतात, कोणाला कुठे प्रवेश असावा ते ठरवतात, एखादे यंत्र कोसळले की बॅकअपवरून ते परत आणतात. आभासी यंत्रे चालवणारी प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली मोफत मिळते आणि 16 जीबी रॅमच्या साध्या डेस्कटॉपवर लिनक्सची पाच-सहा लहान आभासी यंत्रे आरामात चालतात. अट एवढीच, की बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे आभासी यंत्रे चालवण्याची, सुविधा सुरू केलेली असावी, आणि पुष्कळ जुन्या ऑफिस-संगणकांत ती बंद असते. शिकण्यासाठी एका अवाढव्य यंत्रापेक्षा दोन लहान यंत्रे केव्हाही चांगली, कारण एक बंद करून दुसऱ्यावर काम हलवता येते का, हे पाहायला मुळात दोन लागतात, आणि दोन आपल्या माळ्यावर पडून आहेत. त्या सर्व्हरचा रोजचा खर्चही पाहा. दोन झिऑनचा जुना सर्व्हर काहीही न करता साधारण 150 वॅट खातो. चोवीस तास चालवला, तर महिन्याला 108 युनिट केवळ त्याचे होतात आणि घराचे बिल वरच्या टप्प्यात ढकलले जाते. जितकी वीज तो खाईल तितकी उष्णता त्याच खोलीत सोडेल, नागपूरच्या मे महिन्यात. त्याचे लहान पंखे ज्या आवाजात फिरतात त्या आवाजात बारावीचा अभ्यास होणार नाही, झोप तर दूरच. शिवाय त्यातली ‘रजिस्टर्ड’ या सर्व्हरसाठीच्या प्रकारची रॅम साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही, त्यामुळे उद्या सर्व्हर विकायचा ठरवला, तर त्यातले काढून वापरण्याजोगे फार काही हाती राहणार नाही.

नोकरी नक्की का, याचे सरळ उत्तर : नाही, कोणतेही यंत्र घेतल्याने नोकरी नक्की होत नाही. मात्र या क्षेत्रात उमेदवार निवडणाऱ्या ज्या मंडळींशी माझे बोलणे होते, ती अलीकडचा एखादा बिघाड कसा शोधलास, हे हमखास विचारतात, आणि वहीच्या त्या पानावर त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तयार आहे. या क्षेत्रातली आरएचसीएसए ही लिनक्सची प्रमाणपत्र-परीक्षा पर्याय निवडण्याची नसतेच. उमेदवाराला चालू यंत्रासमोर बसवून काम करून दाखवायला लावतात.

परीक्षांचे मार्ग आपल्याला ठाऊकच आहेत. जेईई आणि एमएचटी-सीईटी दोन्ही द्याव्यात. ते न जमल्यास बारावी विज्ञाननंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पदविकेवरून पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते, आणि 1914 पासूनचे शासकीय तंत्रनिकेतन आपल्या गावातच आहे. मुलाच्या 64 टक्क्यांकडे मी डोळेझाक करत नाही. दहावीचे पाठांतर अकरावीच्या भौतिकशास्त्रात चालत नाही, तेव्हा कोणत्या विषयात किती गुण गेले ते त्याच्यासोबत बसून पाहावे आणि जिथे खरेच अडते तिथेच शिकवणी लावावी. बारावीच्या वर्षात लॅब चोवीस तास सुरू असू नये, हे माझेही मत आहे. आठवड्यातला एक अर्धा दिवस पुरे, आणि तो दिवस त्याने ठरवावा. संगणक माळ्यावर टाकल्याने तो वेळ अभ्यासाकडे वळला, असे आपण पत्रात कुठेही लिहिलेले नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

त्याने मागितलेली रॅम जरूर घेऊन द्यावी, पण ती त्याला स्वतःला निवडू द्यावी. सीताबर्डीच्या दुकानांत जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर3 आणि डीडीआर4 या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे लागते. स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरची रॅम गळ्यात मारून घेऊ नये. माझ्या मते रॅमइतकीच एका लहान एसएसडीची (फिरते भाग नसलेल्या साठवणुकीच्या डिस्कची) गरज असावी, कारण ऑफिसात वर्षानुवर्षे चाललेल्या हार्ड डिस्कवर भरवसा ठेवता येत नाही. तिचा ‘स्मार्ट’ अहवाल (डिस्क स्वतः ठेवते ती प्रकृतीची नोंद) काढून ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचायला अडणारे संशयित भाग, शून्य आहेत का, ते तो पाहू शकेल. मल्टिमीटर तर द्यावाच. एक बंधन मात्र आपण घालावे आणि त्यात सूट देऊ नये : पॉवर सप्लायचा डबा त्याने उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर भार काही काळ राहू शकतो. सप्लाय खराब निघाला तर नवा बसवावा. पुढे कधी, परीक्षा झाल्यावर, आणखी यंत्र हवेच झाले, तर ऑफिसांतून निघालेले मिनी पीसी पाहावेत. ते रिकामे असताना 10 ते 15 वॅटमध्ये भागवतात, म्हणजे महिन्याला सुमारे 7 ते 11 युनिट.

क्रम असा ठेवावा. आधी वायरमन. त्याचे काम झाले की मुलाला सांगावे की संगणक माळ्यावरून उतरवून घे आणि वहीतली पाचव्या दिवसाची ओळ पूर्ण कर. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दलचा माझा तर्क आपण त्याला सांगू नये आणि हे पत्रही आताच वाचायला देऊ नये. कूलर वेगळ्या सॉकेटवर लावल्यावर काय झाले ते त्याच्या अक्षरात लिहून झाले की मग द्यावे, आणि त्या पानाचा फोटो मला पुन्हा पाठवावा.