पॉन्टूनला 25 की 60? आधी कोटेशनवर काय लिहून घ्यायचं ते बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. कण्हेर धरणाच्या फुगवट्यावर 20 फुटी पॉन्टून (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट), 2 फूट व्यासाच्या दोन नळ्या, वर छत, 14 पर्यटक बसवायचे. मागे टांगायची आउटबोर्ड मोटार किती ताकदीची घ्यायची? दुकानदार म्हणतो 25 एचपी पुरे, मेव्हणे म्हणतात 60 घ्या. याच पेचातून मी बामणोलीच्या बाजूला, कोयनेच्या पाण्यावर गेलोय, आणि त्याची किंमत अजून हप्त्यांतून मोजतोय. मी इंजिनिअर नाही. पाण्यावर जे बघितलं आणि जाणत्यांकडून जे शिकलो तेवढंच सांगतो. अंतिम शब्द बोट बांधणाऱ्याचा आणि ती तपासणाऱ्या सर्वेक्षकाचा.

जॅकेट, परवाने वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

पहिलं म्हणजे 14 हा आकडा विसरा. 60 सेंटिमीटर व्यासाची 6 मीटरची नळी पूर्ण बुडाली तर साधारण 1,700 किलो उचलते, दोन मिळून 3,400. पण नळ्या निम्म्याच्या वर बुडू द्यायच्या नाहीत, म्हणजे हाताशी राहिले 1,700. त्यातून सांगाडा, फळ्या आणि छताचे 800 धरा. 40 एचपीची फोर स्ट्रोक मोटार 100 किलोच्या आसपास असते. बॅटरी, पेट्रोल, जॅकेट धरून आणखी 100 जातात. उरले 700. चालकासकट दहा माणसं, तीसुद्धा बारीक अंगाची. पावसाळ्यानंतर सुट्टीला येणारी कुटुंबं डबे, पिशव्या, पोरं घेऊन येतात, तेव्हा मी नऊवर थांबतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि किती जीव गेले, ते सांगली-साताऱ्यात कुणी विसरलेलं नाही. माणसं किती हे आधी ठरतं, मोटार त्याच्या मागून.

आता एचपी. दोन नळ्यांची बोट पाणी कापत जाते, पाण्यावर चढून धावत नाही. पाण्यातल्या लांबीवरून तिचा सहज वेग ठरतो: 20 फुटांना साधारण 6 नॉट, म्हणजे ताशी 11 किलोमीटर. तिथपर्यंत पोचायला शांत पाण्यात 15 एचपीसुद्धा पुरते. त्याच्या पुढे मात्र एकेक किलोमीटर वाढवायला ताकद भसाभस लागते. तुमच्या दोन नळ्यांना 60 लावून पेट्रोल जाळण्यापलीकडे फारसं काही हाती लागणार नाही. फुल थ्रॉटलला फोर स्ट्रोक मोटार दर 10 एचपीमागे तासाला साधारण पावणेचार लिटर पिते. पंपावरून कॅन भरून धरणापर्यंत आणणाऱ्याला हा हिशेब लगेच कळतो.

मग 25 का नको? वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, वळवाच्या आधी तर अचानक झोडपतो. छताची पॉन्टून म्हणजे वाऱ्याला आयतं शीड. समोरून वारा आला की 25 ची मोटार पूर्ण पिळूनही बोट जागची हलत नाही, आणि आत बसलेल्यांचे चेहरे उतरतात. शिवाय आपली धरणं उंचावर. कोयनेची पूर्ण पातळीच समुद्रसपाटीपासून साधारण 659 मीटर आहे, कण्हेरही त्याच्या थोडं वरच. दर 300 मीटरला इंजिनाची ताकद सुमारे 3 टक्के घटते. म्हणजे कागदावरच्या 25 मधले दीडेक एचपी इथे येण्याआधीच गेले. माझं मत: 40, पण कुठलीही 40 नाही.

हीच गोष्ट आमच्या वेळी एका कार्यालयाला कळली नाही. नाव घेत नाही. कर्ज आणि अनुदानाचं प्रकरण होतं. अर्जात आम्ही स्पष्ट लिहिलं होतं: 40 एचपी, लाँग शाफ्ट (पंख्यापर्यंत जाणारा लांब दांडा), मोठा गिअरकेस (पंख्याजवळची गिअरची पेटी), कमी पिचचा पंखा (एका फेरीत कमी पुढे सरकणारा). नियमाप्रमाणे तीन कोटेशनं जोडली. त्यातल्या सगळ्यात स्वस्तावर एवढंच होतं, ‘आउटबोर्ड मोटार, 40 एचपी, पेट्रोल’. मंजुरी त्यालाच मिळाली. मी समक्ष जाऊन सांगितलं की ही हलक्या फायबर बोटीची मोटार आहे, आमची बोट भरली की दोन टनांजवळ जाते. टेबलामागून उत्तर आलं, “एचपी तेवढाच आहे ना? मग जास्तीचे पैसे कशाला?” लेखी दिलं तर पोचही मिळाली नाही. चेक थेट विक्रेत्याच्या नावे निघाला आणि मोटार येऊन पडली.

शाफ्ट 15 इंची. पॉन्टूनला बहुतेक 20 इंची लागतो, कारण ट्रान्सम (मोटार टांगायची मागची फळी) उंच असतो आणि पंख्याला नळ्यांच्या मधलं स्वच्छ पाणी मिळायला हवं. आमचा पंखा जेमतेम बुडायचा. जरा लाट आली, चार माणसं पुढे सरकली, की तो हवा ओढायचा. इंजिन किंचाळायचं आणि बोट थांबायची. ब्रॅकेट खाली घेतला तर इंजिनाचं डोकं पाण्याजवळ आलं. गिअर साधा, पंखा वेगाच्या बोटीचा. उसाची ट्रॉली ओढायला कुणी तेवढ्याच एचपीची रेसिंग बाइक जुंपत नाही, ट्रॅक्टरच जुंपतो, कारण त्याचा गिअर ओढायला केलेला असतो. आउटबोर्डमध्येही हे दोन प्रकार आहेत. यामाहा त्याला हाय थ्रस्ट म्हणते, मर्क्युरी कमांड थ्रस्ट. त्यांत खालची पेटी मोठी असते आणि पंखा सावकाश फिरतो. मर्क्युरीच्या 40 मध्ये त्या पेटीला इंजिनाच्या 2.33 फेऱ्यांना पंख्याची एक फेरी होते. त्यामुळे मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा बसतो आणि जड बोट ढकलली जाते.

बदलून मागितली तर म्हणाले, आधीचं प्रकरण फेडा आणि नवीन करा. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचा हंगाम असा गेला. बोट काठाला, हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. आलेल्या पर्यटकांना शेजारच्या लाँचकडे पाठवताना जे वाटायचं ते लिहीत नाही. राग मोटारीचा नाही, मोटार आपल्या जागी चांगलीच होती. राग याचा की ज्याने आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही, तो एका आकड्यावर दुसऱ्याचं पोट ठरवतो, आणि चूक दाखवली तर फाइल बंद करतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. कर्ज काढणार असाल तर तिन्ही कोटेशनांवर शाफ्टची लांबी, गिअरचं प्रमाण, पंख्याचा व्यास आणि पिच छापून घ्या. हे नसलेलं स्वस्त कोटेशन फाइलला जोडूच नका. एकदा जोडलं की तेच मंजूर होणार. शेवटचा हप्ता पाण्यावरच्या चाचणीनंतर, अशी अट विक्रेत्याकडून लिहून घ्या.

चाचणी रिकाम्या बोटीवर घेऊ नका. माणसं नसतील तर तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा आणि फुल थ्रॉटल देऊन आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) बघा. मोटारीच्या पुस्तकात पट्टा दिलेला असतो, बऱ्याच मोटारींना 5,000 ते 6,000. काटा त्याखाली अडकला तर पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. तुमच्या बोटीला 9 ते 11 इंचांच्या दरम्यान कुठेतरी जमेल असं वाटतं, पण नक्की चाचणीच सांगेल. कमी आरपीएमवर कण्हत चालणारं इंजिन आतून कार्बन धरतं, आणि वॉरंटीवाले तेव्हा हात वर करतात.

आणखी थोडं, सुचेल तसं. विक्रेते बहुतेक समुद्राकडचे, ते मोटारीला जस्ताचा ॲनोड (स्वतः झिजून मोटारीला गंजण्यापासून वाचवणारा तुकडा) लावून देतात. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा मागा. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की जुन्या बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे वर येतात, म्हणून जादा पंखा बोटीतच ठेवा. गाळात गेलात तर मोटारीतून पडणारी पाण्याची धार आधी बघा. ती बारीक झाली की गाळ अडकलाय किंवा इम्पेलर (थंडाव्याचं पाणी ओढणारा रबरी पंखा) गेला समजा. किल स्विचची दोरी (चालक पडला तर मोटार बंद करणारी) चालकाच्या मनगटाला हवीच, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

कागदांचं एकच. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 नुसार मोटारीच्या बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण लागतं, आणि जलाशयासाठी जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. मोटार ठरवण्याआधीच सर्वेक्षकाशी बोला, नंतर बदलली तर कागदही बदलावे लागतात. प्रमाणपत्रावर माणसांचा आकडा माझ्या वरच्या हिशेबापेक्षा मोठा आला तरी त्या हिशेबाच्या वर जाऊ नका, लहान आला तर तोच धरा.

आता तुमच्याकडून एक माप हवंय. ट्रान्समच्या वरच्या काठापासून नळीच्या तळापर्यंत किती सेंटिमीटर आहे ते मोजून टाका, आणि मोटार बसणार तिथे मागे नळ्यांमध्ये मोकळी जागा किती, तेही. त्यावरून 20 इंची शाफ्ट पुरेल की 25 लागेल ते सांगता येईल. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.